तिसरी चढाई

माझा आवाज मोठा आहे. यात माझे कर्तृत्व काही नाही. ते घोटीच्या पावसाचे कर्तृत्व आहे. ज्या गावात आषाढापासून भाद्रपदापर्यंत पाऊस वर्गाच्या पत्र्यावर अखंड ताशा वाजवीत असतो, तिथे वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाचा आवाज एक तर मोठा होतो किंवा कायमचा बसतो. माझा मोठा झाला. शेवटच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला डुलकी लागता लागता राहावी, इतपत तो आता तयार झाला आहे. घरात मात्र या गुणाची चहा नाही. "अहो, मी स्वयंपाकघरात आहे, कसाऱ्याला नाही," असे सौ. आठवड्यातून दोनदा तरी बजावते.

हा आवाज गेल्या मार्गशीर्षात मी एका भलत्याच जागी वापरला, आणि त्याची चुटपुट अजून गेलेली नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांना कबुलीजबाब वाढणे शिष्टाचाराला धरून नसेल. पण वर्षभर या सदरातून मी इतरांचे दोष दाखवीत आलो आहे, तेव्हा वर्षातून एकदा पान उलटे फिरवायला हरकत नसावी.

त्याचे असे झाले. भात झोडून झाले होते, गिरण्या दिवसरात्र चालू होत्या आणि गावात कबड्डीचे सामने लागले होते. आमच्याकडे भाताचे पैसे हातात आले, की माणसे लग्ने तरी ठरवतात किंवा सामने तरी. मैदानाला लाल माती, वर दिव्यांच्या माळा, आणि कळसूबाईच्या बाजूने येणारे असे गार वारे, की प्रेक्षकांनी ओरडावे ते निम्मे उत्साहाने आणि निम्मे ऊब यावी म्हणून. सौ. शाल घेऊन आली होती. मी मफलर गुंडाळून पहिल्या रांगेत बसलो होतो. प्राध्यापक म्हटल्यावर आपल्याकडे पहिल्या रांगेतली खुर्ची मिळते. खेळातले काही कळले पाहिजे अशी अट नसते.

ज्यांच्या कबड्डीची गाडी अजून शाळेतल्या हुतूतूपाशीच थांबली आहे, त्यांच्यासाठी एक नियम सांगून ठेवतो. कारण पुढचे सगळे रामायण त्यावर आहे. चढाईला जाणाऱ्या गड्याला तीस सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात त्याने कुणाला शिवावे, किंवा समोर सहा-सात गडी असतील तर बोनस रेषेपलीकडे पाय टाकून एक गुण आणावा. काहीच न करता तो निदान रेषा ओलांडून सुखरूप परतला, तर ती रिकामी चढाई. पूर्वी अशा रिकाम्या चढाया करून आघाडीवरचा संघ खुशाल वेळ काढीत बसे. आता तसे चालत नाही. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरी 'करा किंवा मरा'. त्या तिसऱ्या चढाईत जो जाईल त्याने गुण आणलाच पाहिजे. नाही आणला, तर त्याला कुणी हात न लावताही तो बाद.

आमचा संघ २७-२६ असा एका गुणाने पुढे होता. शेवटची दोन-तीन मिनिटे. आमचे दोन जाणते चढाईपटू पाळीपाळीने गेले, मध्यरेषेच्या आसपास दोन येरझारा घालून छाती काढून परत आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वेळ काढणे ही किती मुरब्बी गोष्ट आहे, असे मी सौ.ला समजावूनही सांगितले. मग तिसऱ्या चढाईची वेळ आली आणि दोघेही मुरब्बी कमरेवर हात ठेवून धापा टाकू लागले. कप्तानाने खूण केली ती एका किडकिडीत पोराला.

पोरगा गेला. समोर साती गडी उभे. त्याने डावीकडे हुलकावणी दिली, उजवीकडे वळला, बोनस रेषेकडे पाय टाकला, आणि कोपरारक्षकाने खाली झेप घेऊन त्याचा घोटा धरला. घोटीच्या मैदानावर घोट्याची पकड! एरवी हा श्लेष मला दोन दिवस पुरला असता. पण तेव्हा मी श्लेषाच्या मनःस्थितीत नव्हतो. गुण २७-२७. उरलेल्या अर्ध्या मिनिटात समोरच्यांचा गडी आला, आमच्या उरलेल्या सहांपुढे त्याने बोनस टिपला, आणि आम्ही २८-२७ असे हरलो.

मग जे व्हायचे ते झाले. "घरी जा", "भात लावायला जा", "कुणी घेतला याला?" असा चहूकडून मारा सुरू झाला. त्यात एक आवाज सगळ्यांच्या वर होता. "अरे, पाय आहेत की लाकडं!" तो आवाज माझा होता.

सौ.ने शाल सावरली आणि माझ्याकडे पाहिले. "तुम्ही कधी खेळला होतात हो?" तिने विचारले.

मी खेळलो होतो. इयत्ता सहावीत, एकदा. "हुतूतू, हुतूतू" म्हणत पलीकडे गेलो, तिथे माझा जिवलग मित्र मला पाहून हसला, त्याचे हसू पाहून मला हसू आले, आणि माझा दम तिथेच सुटला. त्यानंतर माझी क्रीडाकारकीर्द कॅरमच्या पाटाभोवती व्यतीत झाली. हे सगळे सौ.ला ठाऊक आहे. म्हणूनच तिने विचारले.

सोमवारी वर्गात गेलो. द्वितीय वर्षाचा तास. हजेरी घेताना शेवटच्या बाकावरून "हजर" आले, आणि वर पाहतो तो तेच किडकिडीत पोरगे. दीड वर्ष माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलाला मी मैदानात ओळखले नव्हते. अंगात गणवेश नसून बनियन होती आणि तोंडावर माती होती, एवढेच निमित्त. तास संपल्यावर तो लंगडत दाराकडे निघाला, तेव्हा मी थांबवले आणि प्राध्यापकी ठेवणीतला प्रश्न विचारला, "काय रे, पायाला काय झालं?"

"काही नाही सर. परवा पकड झाली."

"हो का? मी आलो होतो थोडा वेळ." हे 'थोडा वेळ' मी का म्हणालो, देव जाणे.

"माहीत आहे सर," तो म्हणाला. "तुमचा आवाज ओळखू आला. रोजच येतो की शेवटच्या बाकापर्यंत."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. मी माफी मागितली असे लिहिणे मला आवडले असते. प्रत्यक्षात मी खडूचा डबा उगाच उघडून बंद केला आणि विचारले, "मग तूच का गेलास तिसऱ्या चढाईला?"

"कुणीतरी जायलाच पाहिजे होतं ना सर. ते दोघं दमले होते." थोडे थांबून तो म्हणाला, "माझं चुकलंच. पण पाय जड पडला हे नाही चुकलं. बोनसला जायलाच नको होतं. त्यांचा डावा मध्यरक्षक पुढं आला होता, त्याला हात लावून येता आलं असतं. मला नंतर दिसलं ते. पण ते कुणी बोललंच नाही सर. सगळे पायावरच बोलले."

तो गेला. मी बराच वेळ त्या रिकाम्या वर्गात उभा होतो. टीका झाली म्हणून पोरगा कष्टी नव्हता. खरी टीका कुणी केलीच नाही, ही त्याची तक्रार होती.

माझा एक भाचा कॅलिफोर्नियात असतो. दर रविवारी त्याचा फोन येतो, आणि हवापाण्यानंतर गाडी तिकडच्या फुटबॉलवर येते. तिकडचा फुटबॉल म्हणजे ज्यात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो तो; अमेरिकन लोकांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्या खेळात एक चमत्कारिक जागा असते. एक संघ चेंडू लाथेने आभाळात दूरवर उडवतो. दुसऱ्या संघाचा एकच गडी पार मागे तो झेलण्यासाठी उभा असतो. चेंडू खाली येतो आणि त्याच वेळी समोरून अकरा धिप्पाड गडी त्याच्या अंगावर धावत येतात. त्याने डोळे आभाळाकडे ठेवायचे, चेंडू झेलायचा, आणि मग त्या अकरांतून वाट काढत पुढे पळायचे. भाच्याने विचारले, "मामा, याला मराठीत काय म्हणायचं?" मी 'लाथपरतव्या' असा शब्द सुचवला. त्याने फोनवर शांतता पाळली.

मी त्याला आमच्या पोराची हकिगत सांगितली, तेव्हा त्याने मला काइल विल्यम्सची सांगितली. २२ जानेवारी २०१२. सॅन फ्रान्सिस्कोचा संघ न्यूयॉर्कच्या जायंट्सशी खेळत होता आणि जिंकणारा अंतिम सामन्याला जाणार होता. नेहमीचा परतव्या टेड गिन दुखापतीमुळे बाहेर, म्हणून ते काम विल्यम्सकडे आले. एकदा लाथाडलेला चेंडू त्याच्या गुडघ्याला ओझरता लागून प्रतिपक्षाच्या हाती गेला. दुसऱ्यांदा, जादा वेळात, चेंडू त्याच्या हातून निसटला. दोन्ही वेळा त्यातून न्यूयॉर्कला गुण मिळाले आणि सामना २०-१७ असा गेला. त्या रात्री त्याला ठार मारण्याच्या धमक्या आल्या. त्याच सामन्यात तिसऱ्या प्रयत्नात पुढे सरकण्याची पाळी त्याच्या संघावर तेरा वेळा आली होती आणि ते साधले होते एकदा. ती बारा अपयशे अनेकांत वाटली गेली. वाट्याला आलेल्यांना ती हलकी झाली. याची दोन मात्र याच्या एकट्याची, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

"तिकडचे लोक भारीच उथळ," असे मी म्हणणार होतो. पण मला अजित वाडेकर आठवले आणि मी गप्प बसलो.

१९७१ साली वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये पहिल्यांदाच मालिका जिंकली, आणि २४ ऑगस्टला ओव्हलवर इंग्लंडला हरवून तिथलीही पहिली मालिका खिशात घातली. मुंबईने त्यांना डोक्यावर घेतले. इंदूरला तर त्या विजयाचे स्मारक म्हणून काँक्रीटची प्रचंड बॅट उभी राहिली. मग १९७४ चा इंग्लंडचा दौरा आला. इंग्लंडने लॉर्ड्सवर ६२९ धावा केल्या. आपण ३०२ केल्या आणि फॉलोऑनमध्ये २४ जूनला अवघ्या ४२ धावांत गारद झालो. जखमी चंद्रशेखर फलंदाजीला येऊच शकला नाही. दोन आकडी धावा केल्या त्या एकट्या एकनाथ सोलकरने, नाबाद १८. मालिका ०-३ अशी गेली. मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगडफेक झाली, इंदूरची बॅट लोकांनी विद्रूप केली. पुढे पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळण्यात आले आणि त्यांनी निवृत्ती पत्करली. तीन वर्षांपूर्वी हार घेऊन उभे राहणारे हात आणि दगड उचलणारे हात एकाच शहराचे होते. त्यांतले काही तर एकाच माणसाचे असतील. धावा दहा जणांना काढता आल्या नाहीत. दगड एकाच्या घरावर पडले.

पुढच्या पिढीत तरी आपण शहाणे झालो म्हणावे, तर मार्च २००६ मध्ये वानखेडेवर सचिन तेंडुलकर एका धावेवर बाद झाला तेव्हा त्याच्याच गावच्या प्रेक्षकांतल्या काहींनी त्याची हुर्यो केली.

आमचे एक रसायनशास्त्राचे प्राध्यापक मित्र आहेत. त्यांना भावना विरघळवणारे एखादे आम्ल सापडले आहे असा माझा संशय आहे. त्यांच्यापुढे मी हा विषय काढला. ते म्हणाले, "तुम्ही साहित्यवाले उगाच रडता. खेळ लोकांसाठी असतो. लोक टाळ्या वाजवतात त्या खेळाडूला चालतात ना? मग ओरडलेलंही चाललं पाहिजे. कोल्हापूरकडच्या सिद्धार्थ देसाईला २०१९ साली प्रो कबड्डीच्या लिलावात १ कोटी ४५ लाख मिळाले. एवढे पैसे घेणाऱ्यानं चार शब्द ऐकू नयेत?"

यात तथ्य आहे. 'बिचारा, त्याने प्रयत्न तर केला' हे वाक्य ऐकायला गोड असले, तरी खेळाडूचा तो सूक्ष्म अपमान आहे. त्याच्याकडून आपली काही अपेक्षाच नव्हती, असा त्याचा अर्थ होतो. जो एकटा पलीकडे जातो, त्याने आपल्या मर्जीने जोखीम घेतलेली असते. यशाचा गुलाल त्याच्याच कपाळी लागतो, तर अपयशाचा हिशेबही त्याने दिला पाहिजे. आमच्या पोराला कोणी कोटी दिले नव्हते, वडापाव आणि बसभाडे एवढीच त्याची कमाई. पण तोही हिशेब द्यायला तयार होता. तो हिशेब तपासायला आम्हीच तयार नव्हतो.

आणि इथे मला माझ्या विषयाची आठवण झाली. 'टीका' हा शब्द आपण आज नावे ठेवणे या अर्थी वापरतो. पण मुळात टीका म्हणजे अर्थ उलगडून सांगणे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी नेवाशाला गीतेवर टीका केली. तिथे गीतेचे सातशे श्लोक होते, त्यांवर नऊ हजारांवर ओव्या झाल्या. मुळात एक शब्द आहे, तिथे टीकाकाराने बारा दृष्टांत उभे केले आहेत. कारण शब्दामागचे सगळे दाखवल्याशिवाय त्याचे समाधान होत नाही. गेली वीस वर्षे मी हे वर्गात शिकवतो आहे. आणि मैदानात माझी टीका काय, तर पाच शब्द. त्यांतले एक लाकूड!

तेव्हा खेळाडूवर टीका करावी का, या प्रश्नाला माझे उत्तर 'जरूर करावी' असेच आहे. मात्र ती करणाऱ्याने आधी दोन-तीन गोष्टी पाहिलेल्या असाव्यात. पहिली ही, की तो पडला ते चुकीच्या निर्णयामुळे की नुसत्या दैवामुळे? गुडघ्याला ओझरता लागलेला चेंडू आणि उगाच घेतलेला बोनस या एका मापाने मोजायच्या गोष्टी नव्हेत. दैवावर टीका करून दैव सुधारत नाही, निर्णय मात्र सुधारतात. दुसरी ही, की त्याला त्या जागी उभे कोणी केले, आणि त्याच्या आधी काय घडले? तिसऱ्या चढाईत बाद झालेल्या गड्याच्या नावावर पहिल्या दोन चढायांचे कर्ज असते. ते कर्ज काढताना आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. मोठ्यांनी सुखाने वेळ काढायचा आणि शेवटी जो पोर पुढे होईल त्याच्या हाती बिल ठेवायचे, ही रीत काही केवळ कबड्डीत आहे असे नाही. वाचकांनी आपापल्या कचेऱ्या आणि आपापली घरे आठवून पाहावीत. आणि तिसरी गोष्ट: जे ओरडणार, ते त्याच्यासमोर बसून, डोळ्याला डोळा देऊन बोलता येईल का? 'बोनसला का गेलास?' हे मला त्या मुलाला सोमवारी विचारता आले असते. 'पाय आहेत की लाकडं' हे त्या सुजलेल्या घोट्याकडे पाहत मला पुन्हा म्हणता आले नसते.

असो. उपदेश फार झाला. चकलीबरोबर तो एवढाच खपतो.

यंदाही भात झाल्यावर सामने आहेत. मंडळाची पोरे परवा घरी आली होती. त्यांचे समालोचन करणारे गृहस्थ नाशिकला बदलून गेले, तेव्हा ते काम मी करावे असा त्यांचा आग्रह. "सर, तुमचा आवाज मोठा आहे," असे कारण त्यांनी दिले. त्यांच्यात मागे तो किडकिडीत पोरगाही उभा होता. तो यंदा तृतीय वर्षाला आहे, आणि संघातही आहे. ही कल्पना कुणाची, ते मी विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही.

मी हो म्हटले. तेव्हापासून रोज संध्याकाळी सरावाला जाऊन बसतो आहे. कोण पुढे सरकतो, कोण कोपरा सोडतो, पहिली चढाई रिकामी गेली तेव्हा कोण कुणाकडे पाहतो, हे बघायला शिकतो आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी पाय बघायला शिकणे कठीण जाते. अजून माझी नजर चढाईवाल्याच्या तोंडाकडेच जाते. कालच्या सरावात तो पोरगा पुन्हा बोनसला गेला आणि पुन्हा धरला गेला. मी मैदानाबाहेरून, नेहमीच्याच आवाजात ओरडलो, "मध्यरक्षक मोकळा होता!"

त्याने मातीतूनच मान वर केली. "नव्हता सर," तो म्हणाला. "नीट बघा."

घरी येऊन हे सौ.ला सांगितले. ती करंज्यांना मुरड घालीत होती. "मग उद्या थोडं लवकर जा," ती म्हणाली, "आणि चष्मा पुसून जा."